गोगलगाईचे आकारमान : अधिवास आणि मीलनव्यवहार

प्राण्याच्या आकारमानाचे कारण विचारले असता सामान्यतः अन्न आणि वय या दोन गोष्टी सांगण्यात येतात. पोसलेला प्राणी मोठा, उपाशी प्राणी खुजा; अधिक जगलेला मोठा, अल्पवयी लहान. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु शंखधारी मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे गोगलगाईंच्या बाबतीत ते फार लवकर संपते. एकाच जातीच्या, पूर्ण वाढलेल्या आणि एकाच प्रकारचे अन्न खाणाऱ्या दोन गोगलगाईंत दुपटीचा फरक आढळतो. आणि तो फरक ती कोठे राहते व कोणाशी मीलन करते या दोन गोष्टींशी निगडित असतो. हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा आहे असेही नाही. २०२२ च्या खरिपात लातूर जिल्ह्यातील सोयाबीनची कोवळी रोपे ज्या शंखी गोगलगाईंनी फस्त केली, त्यांच्या बंदोबस्ताचा प्रश्नही शेवटी येथेच येऊन ठेपतो : हाती आलेली गोगलगाय लहान आहे की मोठी, आणि त्या लहानमोठेपणाचा अर्थ काय?

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि या विषयाचा सर्वांत काटेकोर अभ्यास समुद्रकिनाऱ्यावर झालेला असल्याने विवेचनाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे होईल.

उत्तर अटलांटिक महासागराच्या खडकाळ किनाऱ्यांवर लिटोरिना सॅक्साटिलिस नावाची एक लहानशी गोगलगाय राहते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या आसपास खडकांच्या फटींतून जे बारीक शंख चिकटलेले दिसतात, त्यांच्यापैकी अनेक जाती हिच्याच कुलातील होत. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर या एकाच जातीचे दोन प्रकार अगदी जवळजवळ नांदतात. जेथे मोठे धोंडे पसरलेले आहेत आणि लाटांचा मारा कमी आहे, तेथील गोगलगाय मोठी, जाड शंखाची व आखूड शंखमुखाची असते. तेथून काही मीटर अंतरावर, उघड्या कड्यावर लाटा आदळतात तेथे, तीच जात जवळजवळ निम्म्या आकाराची, पातळ शंखाची आणि रुंद शंखमुखाची आढळते.

पहिल्या ठिकाणी शत्रू आहे तो खेकडा. खेकड्याच्या नांगीत लहान, पातळ शंख सहज फुटतो. मोठा आणि जाड शंख टिकतो, आणि आखूड मुखातून आतल्या मांसापर्यंत नांगी पोहोचत नाही. दुसऱ्या ठिकाणी खेकड्याला उभे राहणेच कठीण. तेथे शत्रू आहे ती लाट. लाटेसमोर मोठा शंख म्हणजे वाऱ्यासमोर उभारलेले शीड. त्यापेक्षा लहान राहून फटीत शिरणे आणि रुंद मुखातून मोठे पाऊल बाहेर काढून खडकाला घट्ट चिकटणे अधिक हिताचे ठरते. अशा रीतीने दोन अधिवासांनी एकाच जातीला दोन मापे दिली. दोन्ही प्रकारांची पिले प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढविली तरी त्यांच्यातील भेद बहुतांशी कायम राहतो. तो केवळ त्या त्या जागी मिळालेल्या पोषणाचा परिणाम नसून पिढ्यानपिढ्यांच्या नैसर्गिक निवडीने आनुवंशिक झालेला आहे, हे यावरून सिद्ध होते.

या जातीत नर आणि मादी वेगवेगळे असतात. मादी सरकत जाताना मागे श्लेष्माची रेषा सोडते. त्या रेषेवरून नर तिचा माग काढतो, तिच्या शंखावर चढतो, आणि शंखाच्या उजव्या कडेशी येऊन समागम करतो. ही सगळी क्रिया शंखाच्या मापावर अवलंबून असते. नर स्वतःच्या मापाच्या किंवा स्वतःहून किंचित मोठ्या मादीशी अधिक काळ मीलन करतो. माप फारच जुळत नसेल तर तो लवकर उतरून निघून जातो. लहानाचे लहानाशी आणि मोठ्याचे मोठ्याशी असे हे जुळणे म्हणजे आकारानुरूप मीलन होय. स्वीडनमधील केर्स्टिन योहान्नेसन आणि स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील एमिलिओ रोलान-आल्वारेस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या जातीवर अनेक वर्षे जे काम केले, त्यातून हा संबंध स्पष्ट झाला. गॅलिसियात तर किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात मोठा प्रकार, खालच्या पट्ट्यात लहान प्रकार आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेले, अशी मांडणी एकाच खडकावर पाहावयास मिळते.

याचे पर्यवसान लक्षात घेण्याजोगे आहे. अधिवासाने माप ठरविले आणि मापाने जोडीदार ठरविला. खेकड्यापासून किंवा लाटेपासून बचाव करण्यासाठी जे आकारमान सिद्ध झाले, तेच अनायासे दोन प्रकारांमधील विवाहबंदीचे कारण बनले. ही बंदी पूर्ण नाही. सीमेवरच्या अरुंद पट्ट्यात संकर आढळतातच. परंतु या जातीची पिले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. मादी अंड्यांऐवजी लहान, चालणारी पिले बाहेर टाकते, आणि ती जन्मस्थानाच्या आसपासच राहतात. त्यामुळे ही अर्धवट बंदीही दोन प्रकार वेगळे राखण्यास पुष्कळ साहाय्यकारी होते. नवीन जाती कशा निर्माण होतात या प्रश्नाच्या चर्चेत या क्षुद्र दिसणाऱ्या गोगलगाईला जे स्थान मिळाले आहे, ते यामुळे.

आता गोड्या पाण्याकडे वळावयाचे. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयात, गोदावरीच्या घाटांलगतच्या गाळात, मांजरा आणि मन्याड या नद्यांच्या संथ डोहांत ज्या गोगलगाई राहतात, त्यांना ना खेकड्याचे तेवढे भय, ना समुद्राच्या लाटेचे. परंतु गोड्या पाण्यात प्रजननाच्या पद्धतीच इतक्या भिन्न आहेत, की एकाच मूठभर गाळातून निघालेल्या तीन शंखांच्या आकारमानाचा अर्थ तीन प्रकारे लावावा लागतो.

बेलामिया बेंगालेन्सिस ही हिरवट शंखावर गडद आडवे पट्टे असलेली गोगलगाय देशातील बहुतेक तळ्यांत आणि नद्यांत आढळते. ॲनंडेल आणि सीवेल यांनी १९२१ साली तिच्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. येथेही नर-मादी वेगळे असतात, आणि ओळखण्याची खूण सोपी आहे : नराची उजवी शृंगिका आखूड व जाड असते, कारण तीच समागमाचे इंद्रिय म्हणून वापरली जाते. मादी सामान्यतः नराहून मोठी असते. तिच्या गर्भकोशात एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांतील गर्भ असतात. अगदी तळाशी कोवळे, आणि दाराशी पट्टे उमटलेले, जन्माला येण्याच्या बेतात असलेले. शंख जेवढा मोठा तेवढी आतली जागा मोठी आणि तेवढी पिले अधिक. मादीच्या आकाराचे मूल्य येथे संततीच्या संख्येत मोजले जाते. नराला असा काही लाभ नसल्याने तो लहान राहिला तरी त्याचे अडत नाही.

मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलेटा हा लांबट, सुईसारखा निमुळता शंख त्याच गाळात शेकड्यांनी सापडतो. हिच्यात नर अत्यंत विरळ असतात. बहुतेक संतती अनिषेकजननाने, म्हणजे मीलनावाचूनच होते. जोडीदार नाही, म्हणून जोडीदाराशी माप जुळण्याचा प्रश्नही नाही. समुद्रकाठच्या गोगलगाईत जे बंधन आकारमानावर होते, ते येथे गळून पडले. पालखीच्या भोयाला दुसऱ्या भोयाच्या उंचीशी जुळवून घ्यावे लागते. एकट्याने ओझे नेणाऱ्याला ती चिंता नसते.

तिसरी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. चपटा, चक्रासारखा गुंडाळलेला शंख. ती उभयलिंगी आहे, आणि प्रसंगी स्वतःच्याच शुक्राणूंनी स्वतःची अंडी फळविते. गुरांच्या नाकात गाठी करून त्यांना घोरावयास लावणाऱ्या रक्तकृमीचा एक आश्रयदाता म्हणून पशुवैद्यांना ती परिचित आहे. अशा कृमींच्या डिंभांनी काही जातींच्या गोगलगाईंचे जननांग निकामी केले, तर अंड्यांवर खर्ची पडावयाची शक्ती वाढीकडे वळते व रोगी गोगलगाय निरोगी गोगलगाईहून मोठी होते, असे आढळून आलेले आहे. सर्व जातींना हा नियम लागू पडत नाही. तथापि वाढ आणि प्रजनन यांचा खर्च एकाच पिशवीतून होतो ही गोष्ट त्यातून चांगली कळते.

मोजणीविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण या क्षेत्रातील पुष्कळ विधाने मोजणीच्या दोषाने लटकी पडतात. शंखाची उंची टोकापासून मुखाच्या कडेपर्यंत मोजण्याची रीत आहे. परंतु नदीतील जुन्या शंखांचे टोक पुष्कळदा झिजून गेलेले असते आणि वयस्क मादी कागदावर तरुण दिसू लागते. मुखाची उंची वेगळी मोजली तर ही चूक टळते. दुसरे असे, की आकारमान हे वयाचेही चिन्ह आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले; मांजरेचे पात्र अशा रीतीने कोरडे पडल्यानंतर पुढील वर्षी तेथे केवळ लहान शंख मिळाले, तर त्यावरून जात खुजी झाली असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. वडीलधारी पिढी मेली आणि उरली ती पोरे, एवढाच त्याचा अर्थ असू शकेल.

जमिनीवरची शंखी गोगलगाय या सर्वांहून निराळी. अकॅटिना फुलिका या नावाने ती ग्रंथांत परिचित आहे. अलीकडे तिला लिसाकॅटिना फुलिका म्हणतात. मूळची ती पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली शंखसंग्राहक विल्यम हेन्री बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगाई कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या, आणि तेथून तिचा भारतातील प्रवास सुरू झाला असे मानले जाते. शंख सामान्यतः पाच ते दहा सेंटिमीटर असतो; क्वचित तो वीस सेंटिमीटरपर्यंतही वाढतो. २०२२ च्या जुलैमध्ये सततच्या पावसात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत तिने सोयाबीनच्या उगवत्या पिकावर धाड घातली. रोपे जमिनीतून वर येतात न येतात तोच रात्रीतून कुरतडली जात होती. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि शासनाला नुकसानीबद्दल मदत जाहीर करावी लागली.

दुष्काळाचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती, तेथे ओलाव्यावर जगणाऱ्या प्राण्याचा असा सुकाळ व्हावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वास्तविक हा अधिवास तिला अनेक अंगांनी मानवणारा आहे. शंख बांधण्यास चुना लागतो, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे ठिकठिकाणी असतात. कोरड्या दिवसांत ती बांधावरील दगडांखाली, काडीकचऱ्यात किंवा भुसभुशीत मातीत शिरते, शंखमुखावर पांढरा पडदा धरते आणि महिनेच्या महिने निश्चल पडून राहते. उन्हाळा तिला मारीत नाही, केवळ थांबवितो. पावसाळ्याच्या तोंडावर ती जागी होते, आणि त्याच वेळी शेतात कोवळी, रसाळ पालवी वर येत असते.

वाढीच्या वेगावर चुन्याइतकाच परिणाम गर्दीचा होतो. दाट वस्तीत वाढणाऱ्या गोगलगाई विरळ वस्तीतील गोगलगाईंपेक्षा लहान राहतात. तेव्हा एका शिवारात मोठ्या आणि शेजारच्या शिवारात लहान शंखी गोगलगाई आढळल्या, तर त्याचा उलगडा करताना स्वीडनच्या किनाऱ्याचा दाखला थेट लावता येणार नाही. आफ्रिकेबाहेर दूरवर पसरलेल्या या जातीच्या वस्त्यांत आनुवंशिक विविधता फारच थोडी आढळते. आनुवंशिक भेद पडण्यास लागणारा काळही येथे लोटलेला नाही. गर्दी, अन्न, चुना, पावसाचे दिवस आणि वय ही कारणे आधी तपासली पाहिजेत. दोन्ही शिवारांतील अंडी एकाच पेटीत, एकाच आहारावर वाढवून पाहणे हाच या वादाचा निर्णायक निकाल होय; आणि तो प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडण्यासारखा आहे.

मीलनाच्या बाबतीत मात्र या प्राण्यात आकारमानाला अतिशय महत्त्व आहे. ही गोगलगाय उभयलिंगी आहे, परंतु दोन्ही लिंगे एकाच वेळी पक्व होत नाहीत. जपानच्या ओगासावारा बेटांवर तोमियामा यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासावरून असे दिसते, की शंख अजून वाढत असताना तरुण गोगलगाय केवळ शुक्राणू निर्माण करते. वाढ थांबली, शंखमुखाची कड जाड झाली, म्हणजे मग तिच्यात अंडीही तयार होऊ लागतात. आयुष्याच्या पूर्वार्धात नर आणि उत्तरार्धात नर-मादी दोन्ही, असा हा क्रम आहे. त्याचे कारण उघड आहे. शुक्राणू स्वस्त पडतात. अंडी महाग, शिवाय या जातीच्या अंड्याला चुन्याचे कवच असते, आणि जो चुना शंख वाढविण्यात खर्ची पडतो तोच अंड्यांसाठी लागतो. वाढ चालू असताना हा दुहेरी खर्च झेपत नाही.

यामुळे जोड्यांचेही प्रकार पडतात. सारख्या मापाच्या दोन वयस्क गोगलगाई भेटल्या तर देवाणघेवाण परस्पर होऊ शकते. मापे विषम असतील तर सामान्यतः लहान गोगलगाय शुक्राणू देते आणि मोठी त्यांचा स्वीकार करते. समागम कित्येक तास चालतो. मोठीच्या शरीरात हे शुक्राणू अनेक महिने साठवून ठेवले जातात, आणि ती एका वेळी शंभरपासून चारशेपर्यंत अंडी ओल्या मातीत घालते. मोठ्या शरीराला अंडी अधिक, हा बेलामियाचा नियम येथेही खरा ठरतो.

शेतकऱ्याच्या कामाशी या माहितीचा संबंध थेट आहे. पहिल्या पावसानंतर सायंकाळी व पहाटे गोगलगाई वेचणे, गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे शेतात पसरून त्यांखाली जमलेल्या गोगलगाई गोळा करणे, त्या साबणाच्या वा मिठाच्या पाण्यात बुडविणे, बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढणे आणि गरज पडल्यास मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरणे, हे उपाय कृषी खात्याने सांगितलेले आहेत. मीठ पाण्याच्या बादलीतच राहिले पाहिजे; शेतात फेकलेले मीठ गोगलगाईपेक्षा जमिनीचे नुकसान अधिक करील. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना व गुरांनाही विषारी असतात, तेव्हा त्या उघड्यावर ढीग करून ठेवणे घातक होय.

वेचणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे मोठ्या शंखाकडे जाते. दिवसाच्या कामाचे माप टोपल्यांत किंवा किलोंत होत असेल तर तशी ती जाणारच. चार मोठ्या गोगलगाईंत जे वजन भरते ते भरण्यास लहान पुष्कळ वेचाव्या लागतात. मोठी वेचणे आवश्यकच आहे, कारण तिच्या पोटात अंडी आणि साठविलेले शुक्राणू दोन्ही असतात. जोडीदार नसतानाही ती नवी वसाहत वसवू शकते. परंतु मधल्या मापाची, पातळ कडेची गोगलगाय अल्पवयी म्हणून सोडून दिली, तर ती त्याच आठवड्यात नर म्हणून काम करते आणि वाढ पुरी होताच अंडी घालू लागते. शिवाय मोठ्या काढून टाकल्याने गर्दी कमी होते, आणि मागे राहिलेल्या लहानांची वाढ अधिक जोमाने होण्यास वाव मिळतो. वजनाचे आकडे पाहून वेचणी यशस्वी झाली असे मानणे म्हणूनच फसवे आहे. मोजावयाचे असेल तर नग मोजावेत. आणि जाड कडेच्या किती, पातळ कडेच्या किती, अशी वेगळी नोंद ठेवावी. त्यासाठी उपकरण लागत नाही. शंखमुखाच्या कडेवरून अंगठा फिरविला की पुरे.

वेळेचाही प्रश्न आहे. जागी झालेली वयस्क गोगलगाय अंडी घालण्याआधी उचलली तर शेकडो पिलांचा बंदोबस्त एका हालचालीत होतो. अंडी मातीत गेल्यानंतर उन्हाची उब आणि ओल यांनुसार साधारण एक ते तीन आठवड्यांत पिले बाहेर येतात, आणि ती इतकी बारीक असतात की रोपाच्या बुंध्याशी ती दिसतही नाहीत. मुंग्या, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि पक्षी या वयात त्यांचा समाचार घेतात. पूर्ण वाढलेल्या शंखाला मात्र येथे फारसा शत्रू उरत नाही. भारद्वाजासारखा एखादा पक्षी तेवढा तो फोडून खातो. स्वीडनच्या धोंड्यांवर खेकड्यापासून जे संरक्षण मोठ्या मापाने मिळते, ते लातूरच्या बांधावर शंखी गोगलगाईला बिनलढाईच मिळालेले आहे.

पाऊस सरला आणि हवा कोरडी होऊ लागली म्हणजे वाढ थांबते. त्या वेळी जिची कड पातळ आहे ती तशीच, अपुऱ्या मापाची, पडदा ओढून मातीत जाते. पुढील जूनमध्ये ती बाहेर येते तेव्हा उरलेली वाढ पुरी करणे हे तिचे पहिले काम असते, आणि नेमके त्याच दिवसांत सोयाबीनला पहिली दोन पाने फुटलेली असतात.